पिटचा सर्वश्रेष्ठ बचावपटू: ह्यू ग्रीनच
पिट्सबर्ग विद्यापीठाच्या (पिट) अमेरिकन फुटबॉल संघातील सर्वश्रेष्ठ बचावपटूचा मान आरन डोनाल्डला द्यावा, असे मत मांडले जाते आणि 2013 चा हंगाम पाहता ते पटण्यासारखे आहे. आउटलंड, लोम्बार्डी, नागुर्स्की आणि बेडनारिक हे महाविद्यालयीन फुटबॉलमधील चारही मानाचे पुरस्कार त्याने त्या एकाच वर्षी पटकावले. तरीही माझे झुकते माप ह्यू ग्रीनलाच आहे. कडेने मुसंडी मारून, चेंडू हातातून सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) आडवे करणाऱ्या या खेळाडूची 1978 ते 1980 अशी सलग तीन वर्षे ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या, संघात निवड झाली आणि सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूला दिल्या जाणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या 1980 च्या मतदानात, जिथे बचावपटूंना सहसा कोणी विचारतही नाही, तो जॉर्ज रॉजर्सच्या खालोखाल दुसरा आला. डोनाल्डभोवतीचे वलय बरेचसे रॅम्स या व्यावसायिक संघातल्या पराक्रमाचे आहे, आणि महाविद्यालयीन कारकीर्द तोलताना ते बाजूला ठेवणेच न्याय्य ठरेल.