मदत हवी आहे: 'सेट'चे अर्थ शिकवायचे तरी कोणत्या क्रमाने?

नमस्कार मंडळी,

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी टिपणं काढतेय. बाकी शब्द निघाले, 'सेट'ने मात्र धरून ठेवलंय.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती. पुढे सुधारलेल्या नोंदींत 'रन' वरचढ ठरला, त्याच्या नुसत्या क्रियापदाच्या छटा ६४५! म्हणजे 'सेट' बिचारा आता मवाळच म्हणायचा.

मराठी प्रतिशब्दांची यादी देऊन भागत नाही. सूर्य सेट होतो तेव्हा मावळतो, सिमेंट सेट होतं तेव्हा घट्ट होतं, परीक्षक पेपर सेट करतो म्हणजे काढतो, सापळा सेट करतात म्हणजे लावतात, कादंबरी अमुक काळात सेट असते म्हणजे तिथे घडते. त्यात रूपही बदलत नाही. 'दे सेट द रूल्स', आता ठरवतात की ठरवले? संदर्भ नसेल तर देव जाणे.

वर मराठीतला 'सेट' आडवा येतो. 'पोरगा सेट झाला' एकवेळ चालेल, पण 'आतून सेटिंग लावलीय' मधली सेटिंग इंग्रजीत शोधून सापडायची नाही.

मोठा कोश अर्थ इतिहासक्रमाने देतो, शिकणाऱ्यांचे कोश बहुधा वापर जास्त तो अर्थ आधी. तुम्ही कुठला क्रम घ्याल?

प्रतिसाद १

आधी एक गाठ सोडवा. हे मुळात दोन शब्द आहेत. 'संच' या अर्थाचा सेट फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला, मूळ शब्द अनुयायांच्या गटासाठीचा. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, 'सिट'चं प्रयोजक रूप. बसणे–बसवणे, तसंच सिट–सेट. आपणही हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, घडी बसवतो. मोडलेलं हाड आणि अंगठीतला खडा यांना इंग्रजीतही 'सेट'च लागतं. 'बसवणे' हाताशी धरलंत तर निम्मं काम होईल. गंमत म्हणजे 'सिट' आणि संस्कृत 'सद्' एकाच मुळाचे, तोच सद् संसद आणि परिषदेत आहे. आपलं 'बसणे' मात्र 'उपविश्'कडून आलेलं, त्या घराण्यातलं नाही.

प्रतिसाद २

व्युत्पत्ती वाचायला छान, पण नवशिक्याला त्याचं काय? मी सोबतच्या नामावरून गट पाडेन. तारीख, किंमत, ध्येय, नियम यांच्याबरोबर 'ठरवणे', हा गट पहिला, कारण रोज लागतो. मग जेली, सिमेंट, गोंद: इथे वस्तू आपोआप सेट होते, कर्ता माणूस नाही. हा फरक वाक्यातूनच दाखवा, व्याख्या नकोत.

'अप', 'ऑफ', 'इन' लागले की तो स्वतंत्र शब्द समजा. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणं आणि स्फोट घडवणंही. 'सेट इन'चा स्वभाव तर बघण्यासारखा आहे: ज्या गोष्टी 'सेट इन' होतात त्या बहुतेक नकोशाच, कुजणं, निराशा, जंतुसंसर्ग. भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांनी खऱ्या वापरातली उदाहरणं गोळा करून हे दाखवलं होतं. कोशातल्या 'सुरू होणे' या अर्थावरून विद्यार्थी 'सुट्टी सेट इन झाली' लिहील, आणि इंग्रजी वाचणारा बुचकळ्यात पडेल.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. क्रम दुसऱ्या प्रतिसादाचा घेते, 'बसवणे' दुसऱ्या गटानंतर चौकटीत टाकते. पण मग 'सेट अबाउट' कुठे ठेवू? कामाला लागणं आणि एखाद्यावर तुटून पडणं, दोन्ही अर्थ त्याचेच. दुसरा अर्थ नवशिक्यांना सांगायचा की गाळायचा?