ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय : मूळ डीएसजी कायम ठेवून आयएस२० टर्बो बसवावा का?

रोजचा_हिंजवडीकर :

नमस्कार. माझ्याकडे २०१५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आहे. घरात ही एकच गाडी असल्यामुळे रोजची हिंजवडीची ये-जा तिच्यावरच होते आणि अधूनमधून सहकुटुंब कोल्हापूरला जाणे होते. कंपनीचे आकडे १८० पीएस (ताकद) आणि २५० न्यूटन-मीटर (टॉर्क, म्हणजे इंजिनचा पिळण्याचा जोर) असे आहेत. शहरात गाडीबद्दल काहीच तक्रार नाही, कारण १२५० आरपीएमपासूनच ती छान ओढते. मात्र पाच हजारांच्या पुढे तिचा जोर ओसरतो, आणि साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर, गाडी भरलेली असताना, एखादा ट्रक ओलांडायचा म्हटले की ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

एका गॅरेजने मूळ आयएस१२ टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) काढून गोल्फ जीटीआयचा आयएस२० बसवण्याचा सल्ला दिला आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो जसाच्या तसा बसतो आणि सोबत योग्य फाइल (इंजिनच्या संगणकाचे सॉफ्टवेअर) घातली की २७० पीएसपर्यंत ताकद मिळते. मला शर्यती लावायच्या नाहीत. गाडी आणखी पाच-सहा वर्षे विनातक्रार चालावी आणि वरच्या आरपीएमला ती थोडी मोकळी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. सात गिअरचा मूळ डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) हे सोसेल का, आणि खर्चाची सुरुवात टर्बोपासून करावी की आणखी कशापासून?

क्लच_आणि_गणित :

तुमच्या प्रश्नाचे उत्तर टर्बोत नसून गिअरबॉक्समध्ये आहे. तुमच्या गाडीत डीक्यू२०० हा कोरड्या क्लचचा डीएसजी आहे आणि त्याची कंपनीने ठरवलेली मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, म्हणजे मूळ इंजिनच त्या मर्यादेवर उभे आहे. ऑक्टाव्हिया आरएस २३० मध्ये हाच आयएस२० टर्बो ३५० न्यूटन-मीटर देतो, पण तिला तेलात बुडालेल्या क्लचचा डीक्यू२५० आहे. म्हणून गॅरेजवाल्यांना पीएसचा आकडा विचारण्याऐवजी कमाल टॉर्क किती आणि तो कोणत्या आरपीएमला येतो, हे विचारावे.

आता थोडे गणित. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ७०२२ ने भागले की पीएस मिळतात. मूळ इंजिन ५००० आरपीएमपर्यंत २५० न्यूटन-मीटर टिकवते, म्हणजे तिथे सुमारे १७८ पीएस होतात. त्यापुढे ताकद १८० पीएसवर स्थिर राहते, याचाच अर्थ टॉर्क उतरत जातो आणि ६२०० ला तो जेमतेम २०४ उरतो. तुम्हाला जाणवणारी उणीव हीच आहे. आयएस१२ ची चाके लहान आहेत. ती लवकर गती घेतात, पण वरच्या आरपीएमला एक्झॉस्टची वाट अडवतात आणि हवा जास्त तापवतात. आयएस२० ने तेच २५० न्यूटन-मीटर ६२०० पर्यंत टिकवले, तर २२० पीएस मिळतात. क्लचवरचा कमाल ताण न वाढवता चाळीस पीएस वाढतात, आणि तेही नेमके तुम्हाला हवे त्या ठिकाणी.

याउलट मूळ टर्बोवरच रीमॅप करून, म्हणजे फक्त फाइल बदलून, २००० आरपीएमला ३०० च्या वर टॉर्क देणाऱ्या फाइल्स सर्रास विकल्या जातात. चाचणीच्या फेरीत त्या फार आवडतात, कारण पाय ठेवताच पाठ सीटला टेकते. परंतु डीक्यू२०० ला सर्वांत जास्त त्रास हाच कमी आरपीएमचा धक्का देतो. माझ्या मते मोठा टर्बो आणि संयमी फाइल ही जोडी लहान टर्बो आणि आक्रमक फाइल या जोडीपेक्षा या गिअरबॉक्सला कितीतरी सुरक्षित आहे. फाइल लिहिणाऱ्याला २५० न्यूटन-मीटरची कमाल मर्यादा लेखी द्यावी आणि तो टॉर्कही २५०० आरपीएमनंतर हळूहळू चढवायला सांगावा. २७० पीएसचा मोह सोडावा, कारण ६२०० आरपीएमला त्यासाठी ३०० च्या पुढे टॉर्क लागतो.

सेवन_सीटर_ते_हॅच :

वरील गणिताशी मी पूर्ण सहमत आहे. इंधन आणि उष्णता या दोन गोष्टींची त्यात भर घालतो.

आता पंपावर मिळणारे साधे पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले, आहे. इथेनॉलमुळे नॉकिंग (इंधन अवेळी पेटणे) कमी होते हे खरे, परंतु शुद्ध पेट्रोलला इंधनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन सोडावे लागते. टर्बो मोठा झाला की हवा वाढते, आणि त्यावर ई२० ची मागणी वाढते. त्यामुळे इंजेक्टर आणि उच्चदाब पंप यांच्याकडे किती जागा शिल्लक आहे, हे लॉगमध्ये (गाडी चालताना संगणकाने टिपलेल्या नोंदींत) रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब, पाहूनच कळते. पूर्ण थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर) मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांत फरक पडू लागला, तर तिथेच थांबावे. फाइल ९५ ऑक्टेनसाठी लिहून घ्यावी आणि पुढे कायम तेच भरावे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल पुण्यात मिळते, पण ते महाग आहे आणि कोल्हापूरच्या वाटेवर ते हमखास मिळेल असे धरून चालता येत नाही, म्हणून त्यावर विसंबणारी फाइल रोजच्या गाडीला नको.

दुसरी बाब इंटरकूलरची, म्हणजे टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाची. एप्रिलमध्ये बाहेर चाळिशीचा पारा असताना घाटात लागोपाठ दोन-तीनदा पूर्ण थ्रॉटल दिला, की मूळ इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा गरम होते आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. कागदावरचे वाढीव पीएस तिथेच विरतात. टर्बोच्या आधी पैसे घालायचेच असतील, तर मोठ्या इंटरकूलरमध्ये घालावेत.

रोजचा_हिंजवडीकर :

दोघांचेही मनापासून आभार. कमाल टॉर्क २५० आणि ताकद २२० पीएसच्या आसपास, असे लक्ष्य ठरवतो. गॅरेजने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) काढून मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बसवण्याचेही सुचवले आहे. त्याची गरज आहे का? आणि विम्याचे काय?

कागदपत्रे_आधी :

डाउनपाइपला स्पष्ट नकार द्यावा. २२० पीएससाठी तो लागतच नाही, कारण आरएस २३० कंपनीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकटच तेवढी ताकद देते. तो काढला की पीयूसीचा प्रश्न उभा राहतो आणि केबिनमध्ये वास येतो तो वेगळाच.

कायद्याबाबत मात्र डोळेझाक करू नका, असे कळकळीने सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता इंजिनची ताकद वाढवली आणि पुढे मोठा अपघात झाला, तर दावा अडकण्याची शक्यता खरी आहे. विमा कंपनीला आधी लेखी विचारावे, आणि तिने नकार दिला तर हा बेत सोडावा. घरच्यांना घेऊन फिरायच्या गाडीसाठी माझे मत याहून वेगळे नाही.

क्लच_आणि_गणित :

विम्याबद्दलचे मत रास्त आहे आणि ते उत्तर हाती येईपर्यंत टर्बो विकत घेऊ नये. मधल्या काळात गाडीची मूळ तब्येत तपासून घ्यावी, कारण तो खर्च कोणत्याही परिस्थितीत वाया जात नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारी झडप) गळतो का, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या जोडणीतून कूलंट पाझरते का, इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन किती साचला आहे, आणि संथ वाहतुकीत पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना थरथर जाणवते का, हे पाहावे. थरथर असेल, तर क्लच संच बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

टर्बो घ्यायचे ठरलेच, तर अस्सल आयएस२० घ्यावा आणि वापरलेला असल्यास शाफ्ट हातात धरून हलवून पाहावा : बाजूला किंचित हालचाल चालते, पण पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पाती कवचाला घासल्याची चमकदार रेघ दिसली, तर तो परत करावा. बसवताना गॅस्केट, सील आणि नट नवेच वापरावेत. पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी इंधन बंद ठेवून स्टार्टर फिरवावा, म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोहोचते. इलेक्ट्रॉनिक वेस्टगेटचे (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचे) अॅडॅप्टेशन, म्हणजे संगणकाशी जुळवणी, स्कॅनरवरून करून घ्यावे. अनेक गॅरेज ते टाळतात आणि मग बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वरखाली होण्याचे खापर फाइलवर फुटते. स्पार्क प्लग एक श्रेणी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) आणि ०.६ मिलिमीटर गॅपचे असावेत, आणि तेल ७,५०० किलोमीटरला बदलावे.

नंतर डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये २००० ते ६५०० आरपीएमपर्यंत लॉग घ्यावा. मागितलेला व मिळालेला बूस्ट, प्रत्येक सिलिंडरचे इग्निशन किती मागे जाते, आत येणाऱ्या हवेचे तापमान, लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण) आणि रेल प्रेशर या नोंदी इथे टाकल्यात, तर आम्ही सगळे मिळून पाहू. एकाच सिलिंडरचे इग्निशन वारंवार चार-पाच अंश मागे जात असेल, तर फाइल सुधारून येईपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नये.