डिटेन्शन सेंटर म्हणजे तुरुंग का? आणि 'बेड'चं काय करू?

ओवी_पुणे: अमेरिकेतल्या खासगी तुरुंगांवरचा लेख भाषांतराला आलाय. टेक्सासच्या डिली गावात कोअरसिव्हिक कंपनीने चालवलेलं केंद्र, २०१४ ला उघडलं, स्थलांतरित आया आणि लेकरं कोंडून ठेवलेली, आणि तेव्हाचं सरकारी नाव 'फॅमिली रेसिडेन्शियल सेंटर'. तिकडच्या बऱ्याच बातम्यांत तेच नाव जसंच्या तसं. मी 'तुरुंग' लिहिलं तर संपादकांनी 'निवासी केंद्र' केलं, मला तर आश्रमशाळाच आठवली! शिवाय '२,४०० बेड'. खाटा लिहिलं की हॉस्पिटल वाटतं.

जुना_वाचक: तुरुंग चूकच. तिथली इमिग्रेशनची कैद कायद्याने दिवाणी, शिक्षा झालेली नसते. 'स्थानबद्धता केंद्र' लिहा, एमपीडीएच्या (खटल्याविना गुंडांना अडकवून ठेवायचा आपला कायदा) बातम्यांत स्थानबद्ध कायम येतं की. आणि खाटा कशाला, 'क्षमता २,४०० जणांची', आपल्याकडे कारागृहाच्या बातम्या अशाच लिहितात.

सांगलीकर: स्थानबद्ध शब्दात कुलूप दिसत नाही हो. माझे आजोबा आणीबाणीत येरवड्याला होते, त्यांनाही शिक्षा झालेली नव्हती, पण घरात कुणी स्थानबद्ध म्हणाल्याचं आठवत नाही, आजी म्हणायची 'हे आत होते तेव्हा', बाहेरचे मिसाबंदी म्हणायचे. दार बाहेरून लावलंय तर तो तुरुंगच.

कोशप्रेमी: शुद्ध मराठीचा आग्रह असेल तर तुरुंगसुद्धा पोर्तुगीज, 'ट्रोंको' वरून, म्हणजे झाडाचं खोड, मग पाय अडकवायचं लाकूड. आपलाही खोडा खोडावरूनच!

जुना_वाचक: रुळलेला शब्द आपलाच. मुद्दा अचूकपणाचा आहे.

ओवी_पुणे: अचूकपणासाठीच तर भांडतेय. २०१८ मध्ये टेक्सासमधल्याच मॅकॅलनला स्थलांतरितांची मुलं जाळीच्या कुंपणाआड होती तेव्हा 'पिंजरे' म्हणायचं की नाही यावर तिथल्या टीव्हीवर चर्चा, मुलं आतच. आणि 'जणांची क्षमता' लिहिलं की पैसा गायब होतो. २००९ पासून काही वर्षं त्यांच्या संसदेने बजेटातच ३३-३४ हजार बेड राखायची अट घातली होती, काही करारांत ठरलेल्या किमान बेडचे पैसे कंपनीला मिळतात, माणूस असो नसो. तिथे मोजतात ते बेड, माणसं नाही. म्हणून बेडच ठेवावंसं वाटतंय.

सांगलीकर: ठेवा. पण निवासी केंद्र काढायला लावा आधी.

कोशप्रेमी: खोड्यावरून आठवलं, आमच्या गावात मारक्या गुरांच्या गळ्यात अडकवायच्या लाकडाला लोढणं म्हणतात, कुठे त्यालाही खोडा म्हणतात का?