मदत हवी आहे: नव्या धाग्याच्या टोकाशी उरलेल्या रिकाम्या जागेचं काय करायचं?

नवशिक्यांसाठी डीएनए प्रतिकृतीचं कागदी मॉडेल करतोय. ३० बेस-जोड्या, प्रायमर (नवा धागा सुरू करून देणारे आरएनएचे छोटे तुकडे) ३ बेसचे (खरे साधारण १० बेसचे). दोन नव्या धाग्यांपैकी लीडिंग धागा सलग जुळतो. दुसरा, लॅगिंग धागा तुकड्यातुकड्यांनी बनतो; त्या ओकाझाकी तुकड्यांमधले प्रायमर काढले तरी जागा भरते, कारण शेजारच्या तुकड्याचं ३' टोक (नवे बेस जिथे जोडता येतात ते) हाताशी असतं. मग लायगेज हा एन्झाइम तुकडे सांधतो. घोडं अडतं नव्या धाग्याच्या अगदी ५' (सुरुवातीच्या) टोकाला. तिथला प्रायमर काढला की पॉलिमरेजला (बेस जोडणाऱ्या एन्झाइमला) पुढे जोडायला ३' टोकच नाही! मॉडेल जिवाणूंच्या डीएनएसारखं गोल केलं की अडचण मिटते, पण दाखवायचंय माणसाचं गुणसूत्र. टेलोमरेज हा एन्झाइम गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी हा बेसक्रम पुन्हापुन्हा जोडून जुना धागा लांबवतो, हे ठाऊक आहे. पण मग नवा धागा त्याच्याहून आखूडच ठेवायचा ना? आणि हे आखूड होणं उत्परिवर्तनात मोडतं का?