डॉ. गियोतँ खरंच स्वतःच्याच यंत्राखाली गेले का?

गिरगावकर
शाळेच्या भित्तिपत्रकासाठी फ्रेंच राज्यक्रांतीवरचा मजकूर तपासतेय. एका मुलीने लिहिलंय, 'गिलोटिनचा शोध डॉ. गिलोटिन यांनी लावला आणि शेवटी त्यानेच त्यांचं डोकं उडवलं.' गिलोटिन म्हणजे वरून पातं सोडून शिरच्छेद करणारं यंत्र. करावं तसं भरावं, असं वाटतं खरं, पण हे बरोबर आहे का? उद्या कार्डशीटवर उतरवायचंय.

दादरकर
ताई, दोन्ही चूक. जोसेफ-इग्नास गियोतँ (गिलोटिन या नावाचा फ्रेंच उच्चार) हे डॉक्टर आणि राष्ट्रीय सभेचे, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाचे, सदस्य. त्या काळी उमरावाचा तलवारीने शिरच्छेद व्हायचा, गरिबाला फाशी किंवा चाकावर हाडं मोडून मरण. गुन्हा एक तर शिक्षाही एकच, कुटुंबाला कलंक नको, प्रेत नातेवाइकांना मिळावं, हे त्यांनी ऑक्टोबर 1789 मध्ये सभेत मांडलं. यंत्राने शिरच्छेद हा त्याचाच भाग. मुळात मृत्युदंडच नको, असं त्यांचं मत होतं. हे भित्तिपत्रकात आलंच पाहिजे, कारण त्या माणसावर सगळ्यात मोठा अन्याय इथेच झालाय.

यंत्राचा आराखडा शल्यचिकित्सक आंत्वान लुई यांचा, बांधणी टोबियास श्मिट या हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) बनवणाऱ्या जर्मन कारागिराची. आधी प्रेतांवर चाचणी झाली, मग 25 एप्रिल 1792 ला पेलतिए नावाच्या दरोडेखोरावर पहिला वापर. सुरुवातीला लोक यंत्राला लुईंच्या नावावरून 'लुईझेट' म्हणत.

गियोतँ राज्यक्रांतीतल्या दहशतीच्या काळात, म्हणजे सरसकट शिरच्छेद होत होते तेव्हा, तुरुंगात होते, पण सुटले. 26 मार्च 1814 ला पॅरिसमध्ये आजाराने गेले. लियाँमधल्या याच आडनावाच्या एका डॉक्टरचा शिरच्छेद झाला होता, गोंधळ तिथला.

परळकर
'शोध' हा शब्द लुईंच्या नावापुढेही नको. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सला आणि एडिंबराला अशी यंत्रं आधीपासून होती. एडिंबराचं 'मेडन' तिथल्या संग्रहालयात आहे.

पातं तिरकं करण्याची सूचना सोळाव्या लुई राजाने केली, ही कथाही मुलींच्या हाती लागेल. तिला त्या काळातला आधार नाही. पातं काटकोनात आदळलं तर नीट कापत नाही, हे आंत्वान लुईंनी मार्च 1792 च्या अहवालातच लिहिलंय. विळीवर भोपळा नुसता दाबला तर चेंगरतो, सरकवला की चिरतो, तेच तत्त्व. लोअर परळच्या छापखान्यातल्या कटिंग मशीनचं पातंही तिरकं सरकत उतरतं.

पात्यावर जड वजन बोल्टने बसवलेलं असे. नुसतं पातं हलकं पडतं. दोन खांबांच्या खाचांतून ते खाली येई. लाकूड फुगलं की पातं अडकणार, म्हणून खाचा गुळगुळीत हव्यात. मान दोन अर्ध्या फळ्यांच्या गोल भोकात धरलेली असे. तलवारीच्या वेळी कैदी हलला की वार चुकायचा, शिवाय एका शिरच्छेदानंतर तलवारीची धार जायची. ही तक्रार खुद्द जल्लाद सॅन्सनने सरकारकडे केली होती.

गिरगावकर
'गियोतँ यांनी समान शिक्षेची मागणी केली, लुईंनी आराखडा दिला, श्मिटने यंत्र बांधलं.' असं चालेल?

दादरकर
चालेल. मृत्यूचं वर्ष 1814 मात्र ठळक शाईत लिहा.