मदत हवी आहे: रतनगड ते हरिश्चंद्रगड वाटेवर एका लिटर पाण्यात अंगाची स्वच्छता

डिसेंबरअखेर आम्ही तिघे कात्राबाईच्या खिंडीतून रतनगड ते हरिश्चंद्रगड हा ट्रेक रमतगमत चार दिवसांत करणार असून, मुक्काम परवानगी असेल तेथेच तंबूत करू. गडांवरच्या टाक्यांचे पाणी लोक पितात, त्यामुळे त्यांत उतरणे किंवा काठावर साबण लावणे आम्हांला मान्य नाही; पिणे आणि स्वयंपाक वजा जाता अंग पुसण्यासाठी माणशी रोज जेमतेम एक लिटर पाणी उरेल.

मागील हिवाळ्यात आम्ही ओले वाइप्स वापरले होते, परंतु त्यांनी अंग चिकट राहिले, वापरलेल्या वाइप्सची पिशवी पाठीवरून परत आणावी लागली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या जांघेतील कातडी सोलवटलीच. पेट्रोलियम जेलीने घर्षण कमी झाले, मात्र तिच्यावर धूळ बसली. सुती पंचा ओला करून पुसणे त्यातल्या त्यात बरे वाटले, पण दवामुळे तो सकाळपर्यंत वाळत नाही. पायांचा प्रश्न रात्रीसाठी कोरड्या मोज्यांचा वेगळा जोड ठेवल्याने सुटला आहे.

जैवविघटनशील साबणाचे पाणीसुद्धा टाक्यापासून किमान साठ मीटर दूर, मातीत जिरवायचे हे ठाऊक आहे. थंडीत शेकोटी पेटवणार नाही, आणि स्टोव्हचा गॅस अंघोळीपुरता नाही.

तर अनुभवींनी कृपया सांगावे: साबण फक्त काखा आणि जांघेपुरता वापरल्यास तो पूर्ण निघण्यास हे एक लिटर पाणी पुरते का, की साबण टाळून निव्वळ पाण्याने रोज पुसणेच कातडीला अधिक मानवते?