फौजेतून सिव्हिलमध्ये आल्यावरचे दिवस: इंदूर-महूकरांनो, आपापले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात पेन्शनवर आलेल्या एका धाकट्या मित्राचा रात्री फोन आला. "दादा, पहाटे पाचला उठून बसतो. पुढे काय करायचं तेच कळत नाही." त्याच्यासाठी हा धागा काढतोय.

आधी माझं सांगतो. फौजेच्या सिग्नल्समध्ये (संदेशवहन विभागात) १७ वर्षं काढून हवालदार म्हणून आलो, तेव्हा वय ३७. पिथमपूरच्या एका कारखान्यात सिक्युरिटीच्या मुलाखतीला गेलो. "तुम्हाला काय काय येतं?" रेडिओ सेट, केबल, स्टोअरचा हिशेब, वीस जवानांच्या ड्युट्या लावणं, यातलं एक अक्षर तोंडून निघालं नाही. "जे सांगाल ते करीन, साहेब," एवढंच म्हणालो. बारा-बारा तासांची गेट ड्युटी मिळाली. दोन वर्षं केली.

मग एका सीनियरने डोळे उघडले. सरकारी बँकांत क्लार्कच्या १४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी असतात. वयातून फौजेतल्या नोकरीची वर्षं वजा होतात, वर आणखी तीन वर्षांची सूट. दहावी झालेल्या जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर पदवीच्या बरोबरीचं सर्टिफिकेट मिळतं, तेही चालतं. रात्रपाळीनंतर बँकेच्या परीक्षेची गणितं सोडवली. दुसऱ्या खेपेला पास झालो. ही माहिती मला युनिटमध्ये असतानाच हवी होती, याची हळहळ अजून आहे.

फौजीची बायको, लोकमान्य नगर
यांच्या फौजेतल्या १८ वर्षांत आम्ही एकत्र राहिलो ती जेमतेम पाच. घर मीच चालवलं. हे आले आणि तिसऱ्या दिवशी लेकीने मैत्रिणीकडे जायची परवानगी माझ्या कानात मागितली. हे समोरच बसले होते. यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. सहा महिने जड गेले हो. मग मी मुलाचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधं, दोन्ही पूर्ण यांच्यावर सोपवलं आणि मध्ये बोलायचं बंद केलं. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या) रांगेत यांना जुने सोबती भेटू लागले, तिथून चेहरा बदलला.

रिटायर्ड क्लार्क, महू
बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं आधार आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये सारखी आहेत ना, ते पाहा. फरक असेल तर युनिटमध्ये असतानाच पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमधल्या बदलाची युनिटने काढलेली नोंद) काढून घ्या. नंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. फॅमिली पेन्शनच्या वेळी, म्हणजे आपण गेल्यावर, बायको एकटी असते, हे लक्षात ठेवा.

शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नोकरी), दहा वर्षं
आम्हाला पेन्शन नाही, त्यामुळे घाई जास्त. पहिली नोकरी घाईत धरली, आठ महिन्यांत सोडली. ऑफिसात कुणी "बघू" म्हणालं की मी होकार समजायचो.

नवीन
दादा, फोनवाला मीच. वहिनींचं वाचून थांबलो. माझीही मुलगी तिच्या आईलाच विचारते.

धागाकर्ता
अरे, मीही पाचलाच उठतो. साडेपाचला नेहरू स्टेडियमवर ये. डिस्चार्ज बुक (फौजेतल्या नोकरीची नोंदवही) घेऊन ये, तुला काय काय येतं ते दोघं मिळून कागदावर उतरवू.